होमोजेंटिसिक आम्ल: बाबांच्या गुडघ्यातला काळा रंग

शाईदौत (धागाकर्ती)

मागच्या वर्षी बाबांचा गुडघा बदलला. शस्त्रक्रिया आटोपून सर्जन बाहेर आले आणि "सगळं नीट झालं" म्हणायच्या आधी त्यांनी विचारलं, "यांची लघवी काळी पडते का हो?" आई आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो. मग त्यांनी फोनमधला फोटो दाखवला. हाडाच्या टोकावरची कूर्चा पांढरी, चकचकीत असायला हवी, ती कोळशासारखी काळी होती. संसर्ग नाही, कुजणं नाही, नुसता रंग. एवढ्या वर्षांच्या कामात त्यांनी हे दुसऱ्यांदाच पाहिलं होतं.

घरी आल्यावर आजीला विचारलं. बाबा ५७ वर्षांचे, आजी ८३ ची. तिला क्षणभरही आठवावं लागलं नाही. "त्याची दुपटी कधी पांढरी झालीच नाहीत. साबण लावला की डाग उलट आणखी काळा व्हायचा. मी तेव्हा सगळ्यांना सांगत होते."

तपासणीत निघालं अल्काप्टोन्युरिया. २४ तासांच्या लघवीत ४ ग्रॅमच्या वर होमोजेंटिसिक आम्ल. तुमच्या-माझ्या लघवीत ते काही मिलिग्रॅमच असतं. तेव्हापासून मी या एका पदार्थामागे लागले आहे. जे समजलं ते लिहिते, चुकलं तर जाणकारांनी सांगावं.

आपण प्रथिनं खातो. त्यातल्या फेनिलअॅलनिन आणि टायरोसिन या अमिनो आम्लांपैकी शरीराला लागतं तेवढं वापरलं जातं आणि उरलेलं यकृतात टप्प्याटप्प्याने मोडलं जातं. त्या वाटेवर मधेच कुठेतरी होमोजेंटिसिक आम्ल तयार होतं. त्याच्यापासून शरीराला काही बांधायचं नसतं, साठवायचंही नसतं. तयार व्हायचं आणि लगेच पुढच्या विकराच्या (एन्झाइमच्या) हाती जायचं, एवढंच. बाबांच्यात ते पुढचं विकर जन्मापासून चालत नाही. त्यामुळे आम्ल साचतं. मूत्रपिंडं बहुतेक सगळं बाहेर टाकतात, पण थोडं मागे उरतं, आणि ते थोडंच वर्षानुवर्षं कूर्चेत, मणक्यांच्या चकत्यांत, कानाच्या पाळीत, डोळ्याच्या पांढऱ्या भागात जाऊन काळं पडतं.

मी एकदा हिशेब मांडला. विशीपासून धरलं आणि रोजचे ४ ग्रॅम मानले, तरी ३७ वर्षांत ५० किलोच्या वर आम्ल त्यांच्या शरीराने बाहेर टाकलंय. एवढं केल्यावरही जे चिमूटभर राहिलं त्यात पाठ गेली, गुडघा गेला.

मनात सलतं ते वेगळंच. १४ वर्षं बाबा पाठदुखीसाठी फिरले. एके ठिकाणी वयाची झीज म्हणाले, एके ठिकाणी मणका ताठरण्याचा संधिवात म्हणून कित्येक वर्षं औषधं दिली. लघवीच्या रंगाबद्दल एकदाही कुणी विचारलं नाही. आणि आजीकडे उत्तर पहिल्या आठवड्यापासून होतं.

विकरवेडा

ताई, फार मनापासून लिहिलंयत. तुमचं बरोबर आहे, मी फक्त मधल्या पायऱ्या जोडतो.

फेनिलअॅलनिनवर एक हायड्रॉक्सिल गट बसला की टायरोसिन होतं. टायरोसिनचा अमिनो गट काढला की हायड्रॉक्सिफेनिलपायरुव्हेट. त्यावर एचपीपीडी नावाचं विकर काम करतं आणि होमोजेंटिसिक आम्ल तयार होतं. ही पायरी मला या अख्ख्या साखळीत सर्वांत देखणी वाटते. एकाच फटक्यात कार्बन डायऑक्साइड सुटतो, कड्यावर नवा हायड्रॉक्सिल बसतो आणि बाजूची साखळी कड्यावरची आपली जागा सोडून शेजारच्या कार्बनवर सरकते. ही सरकासरकी सिद्ध करायला रसायनशास्त्रज्ञांना बराच काळ झगडावं लागलं.

पुढचं विकर होमोजेंटिसेट डायऑक्सिजनेज. त्याच्या गाभ्यात लोहाचा अणू असतो आणि ते ऑक्सिजन वापरून बेंझिनचं कडं फोडतं. बेंझिनचं कडं फार चिवट असतं, ते फोडणं हे खरं अवघड काम. एकदा फुटलं की उरलेली वाट सोपी: मॅलिलअॅसिटोअॅसिटेट, मग फ्युमरिलअॅसिटोअॅसिटेट, आणि शेवटी फ्युमरेट व अॅसिटोअॅसिटेट. हे दोन्ही शरीर ऊर्जेसाठी वापरतं.

तुमच्या बाबांच्यात कडं फोडणारं हेच विकर नाही. म्हणजे अवघड काम तसंच अडून राहतं.

काळ्या रंगाबद्दल: होमोजेंटिसिक आम्लाच्या कड्यावर दोन हायड्रॉक्सिल समोरासमोर बसलेले असतात. अशा रचनेला ऑक्सिजन मिळाला की ती सहज क्विनोन होते, आणि क्विनोन एकमेकांना चिकटून मेलॅनिनसारखा गडद रंगद्रव्याचा गोळा बनतो. अल्कली असेल तर हे झपाट्याने होतं. साबण अल्कलीच. आजीने नकळत रसायनशास्त्रातली एक जुनी चाचणी रोज केली.

सहजविचारलं

वाचतेय. एक शंका. आम्ल रक्तातून सगळीकडे फिरत असेल, मग कूर्चाच का? स्नायू, मेंदू काळे का होत नाहीत?

विकरवेडा

चांगला प्रश्न. ते क्विनोन कोलॅजेनला चिकटतं, आणि कूर्चा, चकत्या, अस्थिबंध, हृदयाच्या झडपा हे सगळं कोलॅजेनवर उभं आहे. शिवाय कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात आणि तिथलं कोलॅजेन आयुष्यभर जवळपास तेच राहतं, बदललं जात नाही. बसलेला रंग निघायला वाव नाही. रंग बसला की कूर्चेची लवचिकता जाते, ती ठिसूळ होते, तुकडे पडतात.

रातपाळी

मी संधिवाताचे रुग्ण पाहते. सर्वसाधारण माहिती देते, हा कुणाच्या आजाराबद्दलचा सल्ला नव्हे.

शाईदौत, तुमच्या रागाला कारण आहे. तरी निदान का हुकतं हेही सांगायला हवं. या लघवीचा रंग मूत्रविसर्जन होताना अगदी नेहमीसारखा असतो. ती उघड्यावर राहिली तर वरच्या थरापासून खाली काळी होत जाते, कारण ऑक्सिजन वरून शिरतो. लघवी आम्लधर्मी असेल तर तासन् तास काहीच दिसत नाही. शौचालयात लगेच पाणी सोडलं जातं. मग बघणार कोण? तान्ह्या बाळाचे कपडे सोडले तर ही खूण पुन्हा समोर यायची संधीच नसते. बाळाची आई बोलते तेव्हा नीट ऐकावं, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा सांगते.

मग तिशीपर्यंत शांतता. पुढे पाठ धरायला लागते. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बुबुळाच्या दोन्ही बाजूंना करडे-तपकिरी डाग, कानाची कूर्चा निळसर आणि टणक. एक्स-रेमध्ये मणक्यांच्या बऱ्याच चकत्या एकाच वेळी चुनखडल्यासारख्या पांढऱ्या दिसतात. ताठ मणका बघून संधिवाताचा समज होणं सोपं आहे, पण त्या संधिवातात माकडहाडाजवळचे त्रिक-नितंब सांधे आधी बिघडतात, इथे ते बहुधा वाचतात. हा फरक बघायला हवा होता, हे मी मान्य करते.

५८ रुग्णांचा एक मोठा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वयाच्या ५५ पर्यंत निम्म्या जणांचा निदान एक सांधा बदलावा लागला होता. मूत्रखडे आणि महाधमनीच्या झडपेचं आकुंचनही यात येतं. बाबांचं हृदयाचं इको झालं नसेल तर त्यांच्या डॉक्टरांशी त्याबद्दल जरूर बोला.

आणखी एक. होमोजेंटिसिक आम्ल प्रयोगशाळेलाही चकवतं. जुन्या बेनेडिक्ट चाचणीत ते साखर असल्यासारखं दाखवतं, ग्लुकोजच्या पट्टीवर मात्र साखर येत नाही. पेरॉक्सिडेजवर आधारलेल्या क्रिएटिनिन, युरिक आम्लाच्या काही चाचण्याही त्यामुळे चुकतात. रक्त देताना निदान सांगून ठेवा.

शाईदौत

डॉक्टर, खूप आभार. बाबांचे कान! लहानपणी मी ते ओढायचे तेव्हा ते पुठ्ठ्यासारखे कडक लागायचे. मला वाटायचं सगळ्याच बाबांचे कान तसे असतात. इको झालेलं नाही, याच आठवड्यात विचारते.

जुनीवही

या आम्लाचा इतिहास सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१८५९ मध्ये जर्मनीत बोडेकर यांना एका रुग्णाच्या लघवीत अल्कली घातली की ऑक्सिजन अधाशासारखा शोषणारा पदार्थ आढळला. त्यावरून त्यांनी अल्काप्टोन हे नाव दिलं. १८६६ मध्ये विर्खोव यांनी एका शवविच्छेदनात काळ्या कूर्चा पाहिल्या. सूक्ष्मदर्शकाखाली तो रंग गेरूसारखा पिवळट दिसला, म्हणून त्याला ऑक्रोनॉसिस म्हटलं. लघवी आणि कूर्चा या दोन गोष्टी एकाच आजाराच्या आहेत हे जुळायला १९०२ उजाडलं. मधे १८९१ मध्ये वोल्कोव आणि बाउमान यांनी पदार्थ शुद्ध करून त्याला होमोजेंटिसिक आम्ल हे नाव दिलं.

पण तेव्हा बहुतेकांची समजूत अशी की आतड्यातले जंतू हे आम्ल तयार करतात. लंडनचे आर्चिबाल्ड गॅरॉड यांना ते पटेना. एका कुटुंबात आधीच अशी मुलं होती आणि आई पुन्हा गरोदर होती. नवं बाळ १९०१ मध्ये जन्मलं, तेव्हा गॅरॉड यांनी त्याच्या कपड्यांवर जन्मापासून नजर ठेवायला सांगितली. तिसऱ्याच दिवशी डाग दिसला. जंतूंनी एवढ्यात बस्तान बसवलं असणं कठीण, म्हणजे दोष जन्मजात. त्या बाळाचे आईवडील एकमेकांची सख्खी मावसभावंडं होते, आणि अशा कुटुंबांत नात्यातली लग्नं वारंवार दिसतात हेही त्यांच्या लक्षात आलं. आनुवंशिकतेचे अभ्यासक विल्यम बेटसन यांनी त्याची मेंडेलच्या नियमांशी सांगड घातली, आणि १९०२ चा तो लेख माणसाच्या आजाराला मेंडेलचे नियम लावणारा पहिला लेख ठरला. १९०८ च्या व्याख्यानांत गॅरॉड यांनी 'चयापचयातील जन्मजात दोष' ही कल्पनाच मांडली.

आजीची दुपटी वाचून मला तेच बाळ आठवलं.

पाऊलखूण

म्हणजे जनुकाचा शोध गॅरॉड यांनी लावला असं म्हणता येईल ना?

जुनीवही

नाही, तसं म्हटलं तर त्यांच्यावर भलतंच श्रेय लादलं जाईल. जीन हा शब्दच योहानसेन यांनी १९०९ मध्ये आणला. गॅरॉड यांनी एवढं सांगितलं की आनुवंशिक दोष म्हणजे चयापचयातली एक पायरी बंद पडणं. बीडल आणि टेटम यांनी एक जनुक, एक विकर हा विचार १९४१ मध्ये बुरशीवरच्या प्रयोगांतून पुढे नेला. अल्काप्टोन्युरियात यकृतात ते विकर खरोखर नसतं, हे ला ड्यू आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये दाखवलं. त्या विकराचं जनुक, एचजीडी, सापडलं थेट १९९६ मध्ये. गॅरॉड १९३६ मध्येच गेले होते.

दोनवेण्या

मी इथे फक्त वाचते, कधी लिहित नाही. आज हात थरथरतायत.

माझी मुलगी ८ महिन्यांची आहे. तिचा कपडा दोन-तीन तास तसाच राहिला की कडेने तपकिरी होतो, धुवायला घेतला की जास्तच. तीन वेळा लघवीची तपासणी झाली, दर वेळी संसर्ग नाही म्हणून परत पाठवलं. बाळ छान आहे, वजन वाढतंय. मी उगाच घाबरतेय असं घरातही म्हणतात. काय करू?

रातपाळी

ताई, तुम्ही उगाच घाबरत नाही आहात. तुम्ही नीट पाहिलंत.

गडद लघवीची कारणं पुष्कळ असतात: रक्त, यकृताचे विकार, पॉर्फिरिया, काही औषधं. म्हणून घरी सोडा घालून रंग पाहिलात तरी त्यावरून काही ठरवू नका. बालरोगतज्ज्ञांना नेमकं असं सांगा: लघवी ताजी असताना स्वच्छ असते, ठेवल्यावर काळी पडते, साबणाने आणखी गडद होते. आणि लघवीतली सेंद्रिय आम्लं मोजायची तपासणी मागा. नेहमीच्या लघवीच्या तपासणीत होमोजेंटिसिक आम्ल मोजलंच जात नाही, म्हणून तिन्ही वेळा काही निघालं नसावं.

आणि अल्काप्टोन्युरिया निघाला तरी बाळाला आज कसलाही धोका नाही. वाढ, बुद्धी, खेळणं यावर त्याचा परिणाम होत नाही. एवढं मनाशी घट्ट धरा.

शाईदौत

दोनवेण्या, मी सोबत आहे. कधीही लिहा.

सहजविचारलं

आणखी विचारते. विकर नसल्यामुळे आम्ल साचतं, तर ते तयारच होऊ न देणं जमत नाही का?

तणकट

याचं उत्तर माझ्या विषयात आहे, म्हणून पहिल्यांदाच आरोग्याच्या धाग्यावर लिहितो. मी तणनाशकांवर काम करतो.

वनस्पतींनाही होमोजेंटिसिक आम्ल लागतं, आणि त्यांच्यासाठी ते नुसतं वाटेवरचं नाही. त्यापासून त्या ई जीवनसत्त्व आणि प्लास्टोक्विनोन बनवतात. प्लास्टोक्विनोन नसेल तर कॅरोटिनॉइड तयार होत नाहीत, आणि कॅरोटिनॉइडचं छत्र नसेल तर सूर्यप्रकाशच हरितद्रव्य जाळून टाकतो. पानं पांढरी पडतात, तण मरतं.

१९७७ मध्ये कॅलिफोर्नियात एका शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की बॉटलब्रशच्या झाडाखाली तण फारसं उगवत नाही. त्या झाडातून लेप्टोस्पर्मोन नावाचा पदार्थ मिळाला. त्याच्या रचनेवरून पुढे तणनाशकांचा एक अख्खा गटच तयार झाला. ही रसायनं विकरवेडा यांनी सांगितलेलं एचपीपीडी बंद करतात, म्हणजे होमोजेंटिसिक आम्ल तयार करणारी पायरी. त्यातल्याच एका रसायनाचं नाव नायटिसिनोन. उंदीरवर्गीय प्राण्यांवर चाचणी घेताना टायरोसिन वाढून डोळ्यांवर परिणाम झालेला दिसला, आणि त्यातूनच ते प्राण्यांतही तीच पायरी अडवतं हे कळलं.

तणनाशकाच्या शोधातून औषध निघालं हे मी आमच्या प्रत्येक नव्या मुलाला सांगतो.

विकरवेडा

तणकट, हे लिहिल्याबद्दल मनापासून धन्यवाद. पुढचा भाग मी सांगतो.

नायटिसिनोन आधी दुसऱ्याच आजारासाठी वापरलं गेलं. याच वाटेवरची शेवटची पायरी बंद पडली तर टायरोसिनेमिया प्रकार १ होतो. त्यात साचणारं फ्युमरिलअॅसिटोअॅसिटेट यकृत जाळतं आणि बाळं दगावायची. स्वीडनमधल्या लिंडस्टेट आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवलं की वरची पायरी अडवली तर खालचं विष तयारच होत नाही. वाट तीच. पहिली पायरी बंद पडली तर फेनिलकीटोन्युरिया आणि मेंदूला धोका, मधली बंद पडली तर काळे सांधे, शेवटची बंद पडली तर यकृत निकामी. मधे कोणता पदार्थ अडकतो यावर सगळं अवलंबून आहे.

अल्काप्टोन्युरियासाठी मात्र पुरावा जमवायला वेळ लागला. अमेरिकेतली ४० जणांची तीन वर्षांची चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. आम्ल खूपच घटलं, पण नितंबाच्या सांध्याची हालचाल सुधारल्याचं सिद्ध झालं नाही. सांध्याची झीज मोजायला तीन वर्षं कमीच पडतात. मग युरोपात १३८ जणांवर चार वर्षांची चाचणी झाली, रोज १० मिलिग्रॅम. लघवीतलं होमोजेंटिसिक आम्ल ९९ टक्क्यांहून जास्त घटलं आणि आजाराचा वेगही मंदावला. २०२० मध्ये युरोपीय औषध संस्थेने प्रौढ रुग्णांसाठी मान्यता दिली. त्या चाचणीचं एक केंद्र स्लोव्हाकियात होतं. जगभरात हा आजार अडीच लाख ते दहा लाखांत एकाला होतो, तिथे मात्र सुमारे १९ हजारांत एकाला.

सहजविचारलं

पण मग टायरोसिन साचणारच की!

रातपाळी

साचतंच. बुबुळावर त्याचे स्फटिक जमू शकतात. डोळे दुखतात, उजेड सहन होत नाही. औषध थांबवलं की ते निवळतं. म्हणून नायटिसिनोन घेणाऱ्याला प्रथिनं मोजून खावी लागतात, रक्तातलं टायरोसिन आणि डोळे ठरावीक काळाने तपासावे लागतात. औषध काम करतं, पण त्याच्यासोबत आयुष्यभराची शिस्त येते. आधी बसलेला रंग त्याने पुसला जाईल अशी आशाही ठेवू नये. म्हणूनच लवकर निदान व्हावं असं मी इतकं कळकळीने म्हणते.

क जीवनसत्त्वाबद्दल कुणी विचारायच्या आधी सांगते. ते ऑक्सिडेशन रोखतं म्हणून पूर्वी भरपूर दिलं जायचं. त्याने आम्लाची निर्मिती कमी होत नाही आणि सांध्यांना फायदा झाल्याचा पुरावा नाही.

पाऊलखूण

शाईदौत, तुम्हा भावंडांना धोका आहे का?

शाईदौत

आम्हा दोघांना बाबांकडून या जनुकाची एकेक सदोष प्रत मिळालीच आहे, म्हणजे आम्ही वाहक. आईकडची प्रत चांगली, त्यामुळे आजार नाही. अर्ध्या विकरावर शरीराचं भागतं. प्रश्न बाबांच्या भावंडांचा होता. आजी-आजोबा दोघेही वाहक, म्हणजे प्रत्येक अपत्याला चारात एक शक्यता. आत्याची पाठ दहा वर्षांपासून दुखतेय. तिला मी लघवी काचेच्या बाटलीत भरून रात्रभर झाकण न लावता ठेवायला सांगितलं. सकाळी तिने फोन केला आणि काही बोललीच नाही. तपासणीतही तेच आलं. तिची झडप अरुंद झालेली निघाली, बाबांची ठीक आहे. रातपाळी डॉक्टर, तुम्ही इकोचं लिहिलं नसतं तर आत्याला कुणी पाठवलं नसतं.

दोनवेण्या

तीन आठवड्यांनी येतेय. रिपोर्ट आला. होमोजेंटिसिक आम्ल खूप वाढलेलं आहे. अल्काप्टोन्युरिया.

खरं सांगते, रडले, पण त्या रात्री कित्येक महिन्यांनी शांत झोपही लागली. नाव कळलं. डॉक्टर म्हणाले, आत्ता काहीच द्यायचं नाही, वर्षातून एकदा दाखवायचं, खेळू-धावू द्यायचं. मोठी झाल्यावर औषधाचं ठरवू. शाईदौत, तुमच्या आजींना माझा नमस्कार सांगा. एक अगदी साधी गोष्ट विचारायची आहे, त्या डागांचं त्या काय करायच्या?

शाईदौत

आत्ताच आजीला वाचून दाखवलं. ती म्हणते, कपडा ओला असतानाच साध्या पाण्यातून दोन-तीनदा खळबळून काढायचा, पाणी स्वच्छ आलं की मगच साबण. ओला राहू द्यायचा नाही, आणि साबण आधी लावायचा नाही. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं, करता करता कळलं. आणि तिने विचारलंय की बाळाचं नाव काय ठेवलंत. इथे लिहू नका, मला व्यक्तिगत निरोपातून कळवा. ती वाट बघतेय.